पान्याला जागा हवी

बॉल व्हॉल्व्हबद्दल आपल्याकडे एक मत इतके मुरले आहे की ते निव्वळ एक मत आहे, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. ही वस्तू आता सुधारण्यासारखी राहिलेली नाही, असे सगळे धरून चालतात. आरपार भोक असलेला गोळा, त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पांढऱ्या रिंगा म्हणजे सीट, वर स्पिंडल आणि पाव फेऱ्यात उघडझाप करणारे हँडल, एवढाच तर मामला. चांगल्या कंपनीचा घ्यावा, बसवावा आणि विसरून जावे. गळला तर प्लंबरने नीट बसवला नाही, अडकला तर लोकांनी वेळच्या वेळी फिरवला नाही. दोष नेहमी हाताला, वस्तूला कधीच नाही.

हे मत उथळ आहे. बसवण्याची आणि दुरुस्तीची सोय म्हणजे चांगल्या व्हॉल्व्हवर वरून चढवलेला साज नव्हे. व्हॉल्व्हच्या कामाचा तोच गाभा आहे. जो बसवताना सहज चुकतो आणि ज्याचा झिजणारा भाग पाइप कापल्याशिवाय हाती लागत नाही, त्याचे डिझाइन अर्धवट सोडलेले आहे, मग कारखान्यातल्या चाचणीत तो एक थेंबही न गळता पास झालेला का असेना. हे टप्प्याटप्प्याने मांडतो, कारण विरोधी मताच्या बाजूनेही काही वजनदार मुद्दे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे.

१. हा व्हॉल्व्ह असतो कशासाठी?

साधा बॉल व्हॉल्व्ह प्रवाह कमीजास्त करण्यासाठी नसतो. तो अर्धवट उघडा ठेवला की गोळ्याच्या कडेने पाण्याचा झोत जोरात घुसतो आणि सीटची कड खात जातो. काही महिन्यांनी तो पुरता बंदच होत नाही. त्याचे काम पूर्ण उघडे राहणे किंवा पूर्ण बंद होणे. आता पूर्ण बंद करायची वेळ कधी येते? पंप उतरवायचा असतो, मीटर बदलायचा असतो, फिल्टरची जाळी धुवायची असते, बाथरूममधला मिक्सर उघडायचा असतो. म्हणजे पलीकडे कुणीतरी दुरुस्तीला हात घालणार असते तेव्हा.

वर्षानुवर्षे तो उघडा पडून असतो आणि एखाद्या दिवशी त्याच्याकडून एकच अपेक्षा असते: आता घट्ट बंद हो आणि कामगाराला सुरक्षितपणे काम करू दे. इतर वस्तूंची देखभाल शक्य करणे हाच ज्याच्या असण्याचा हेतू, त्याची स्वतःचीच देखभाल अशक्य असेल तर तो हेतूच हरला. ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत याचा पुरावा मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाथरूमचा नळ बदलायचा असतो. फ्लॅटमधला व्हॉल्व्ह फिरत नाही, म्हणून प्लंबर गच्चीवर जातो. तिथला खाली उतरणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह क्षारांनी जखडलेला असतो. हँडलला पाइपचा तुकडा लावून जोर केला तर हँडल वाकते किंवा स्पिंडल पिळून तुटते. मग टाकीतले पाणी सोडून द्यायचे किंवा टाकी रिकामी होईपर्यंत थांबायचे आणि अख्ख्या विंगचे पाणी दुपारभर बंद. एका घरातल्या नळासाठी चाळीस घरे खोळंबतात, आणि टँकरने भरलेली टाकी असेल तर विकतचे पाणी गटारात जाते. या सगळ्याचा हिशेब व्हॉल्व्हच्या किमतीत कुणी धरत नाही.

२. चाचणीबाकावर काय मोजले जाते आणि काय सुटते

व्हॉल्व्हच्या दाबचाचणीचे जगभर वापरले जाणारे मानक म्हणजे एपीआय ५९८. त्यात बॉडीवर कमाल कार्यदाबाच्या दीडपट पाण्याचा दाब देतात, सीटवर १.१ पट देतात आणि मऊ सीटच्या व्हॉल्व्हला दिसण्याजोगी गळती अजिबात चालत नाही. आपल्याकडे सर्वसाधारण वापराच्या बॉल व्हॉल्व्हसाठी आयएस ९८९० आहे. या चाचण्या चोख आहेत आणि त्या नसत्या तर बाजारात हाहाकार माजला असता. पण त्या नव्या, कोऱ्या, रिकाम्या आणि स्वच्छ व्हॉल्व्हवर, चांगल्या उजेडात, टेबलाच्या उंचीवर घेतल्या जातात. पाच वर्षांनी सीट बदलायला किती वेळ लागतो, पाना कुठे बसतो, स्पिंडलभोवतीचे पॅकिंग दाबणारी ग्लँड आवळायला हँडल काढावे लागते का, यातले काहीही त्यांत मोजले जात नाही.

आणि व्हॉल्व्हचे आयुष्य ठरते ते नेमके इथे. त्याचे कारण सीटच्या पदार्थातच आहे. पीटीएफई, म्हणजे आपण टेफ्लॉन म्हणतो ते, रॉय प्लंकेट यांना ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत १९३८ मध्ये योगायोगाने सापडले. बॉल व्हॉल्व्ह सर्वत्र पसरला तो या पदार्थाच्या जोरावर. त्यामुळे गोळा सहज फिरतो आणि तरीही घट्ट बसतो. पण पीटीएफईला एक खोड आहे. दाबाखाली राहिले की ते हळूहळू सरकत, पसरत जाते, थंड असतानाही. सीट थोडी बसते, स्पिंडलभोवतीचे पॅकिंग थोडे ढिले पडते. ही कारागिराची चूक नव्हे, पदार्थाचा स्वभाव आहे. पॅकिंग ढिले पडणारच हे आधीच ठाऊक असताना ते पुन्हा आवळायची सोय न ठेवणे, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरा शब्द नाही.

यावर उपायही जुना आहे. पॅकिंगवर बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर ठेवायचे, म्हणजे पॅकिंग खचले तरी ते स्वतःहून दाब देत राहतात. रसायन कारखान्यांत हे सर्रास दिसते. घरगुती पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये क्वचितच, कारण विचारणारे कुणी नाही.

३. बसवताना चूक कुठे होते

इथे थोडे रेंगाळतो, कारण ‘प्लंबरची चूक’ या शब्दांखाली नेमके काय दडलेले असते ते जवळून पाहायला हवे.

आटे. अर्ध्या इंचाचा दोन तुकड्यांचा पितळी व्हॉल्व्ह घ्या. त्याची बॉडी दोन भागांची असते आणि ते एकमेकांत आट्यांनी बसवलेले असतात. जीआय पाइप घट्ट करताना पाना ज्या टोकात पाइप जातो त्याच टोकाच्या षट्कोनावर धरायला हवा. पण व्हॉल्व्ह भिंतीच्या खाचेत असतो, जवळचा षट्कोन अरुंद असतो, पाना निसटतो. मग प्लंबर पलीकडच्या टोकाला धरतो. आता पाइप आवळण्याचा सगळा जोर बॉडीच्या जोडातून जातो. तो जोड ढिला होतो किंवा आणखी आवळला जाऊन सीट गोळ्यावर दाबते आणि हँडल जड होते. दोन्ही टोकांचे षट्कोन पाना पक्का बसेल इतके रुंद ठेवले आणि बॉडीचा जोड पिळाला न बधणारा केला, तर ही चूक होण्याची वाटच बुजते. धातू लागतो तो काही ग्रॅम.

त्याच्याच जोडीची दुसरी चूक. जागेवर हाताच्या डायने पाडलेले आटे बरेचदा लांब होतात. पाइप नको तितका आत शिरतो आणि त्याचे टोक थेट सीटच्या मागे टेकते. आत पाइप अडवणारा खांदा असेल तर हे घडणार नाही. अनेक स्वस्त व्हॉल्व्हमध्ये तो नसतो किंवा नावापुरता असतो. शिवाय आयात यंत्रसामग्रीबरोबर एनपीटी आट्यांचे व्हॉल्व्ह येतात आणि आपल्याकडचा पाइप बीएसपी आट्यांचा. एकाचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. पण अर्ध्या आणि पाऊण इंचात दोघांचेही इंचाला १४ आटे, त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांत गोडीगुलाबीने जातात, मग अडकतात, आणि सफेदा-सुताने दडपलेली गळती महिन्याभराने उघडी पडते. बॉडीवर आट्यांचा प्रकार ठळक कोरलेला असावा, ही काही अवघड अपेक्षा नाही.

सॉल्व्हंट सिमेंट. सीपीव्हीसीचा साधा व्हॉल्व्ह पाइपला चिकटवून टाकतात. सिमेंट जास्त झाले की ते आत ओघळते आणि गोळ्याला चिकटते, पहिल्याच दिवशी व्हॉल्व्ह जाम. यावर दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे नटाने सुटणारा जोड, असलेला व्हॉल्व्ह हा चांगला उपाय. टोके आधी पाइपला चिकटवायची, सिमेंट वाळले की मधली बॉडी सरकवून नट आवळायचे. पण त्यातही एक खोच आहे. नट आधी पाइपवर चढवून ठेवावा लागतो. तो राहून गेला आणि टोक चिकटले, की पाइप कापण्याशिवाय इलाज नाही. डक्टमध्ये एका हातात टॉर्च धरून काम करणाऱ्या कुशल माणसाकडूनही हे राहून जाते. टोक पाठवतानाच नट त्यावर अडकवून पाठवला, सुटा केल्याशिवाय टोक पाइपवर चढणारच नाही अशी साधी प्लॅस्टिकची कडी घातली, तर विसरणे अशक्य होईल.

वेल्डिंग. कारखान्यांतल्या तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हची टोके पाइपला वेल्ड करतात. पीटीएफई सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या वापराची मर्यादा २६० च्या आसपास, तर वेल्डिंगच्या जागी पोलाद स्वतः वितळत असते. म्हणून टोके जागेवर टाचून घ्यायची, मधला तुकडा बाजूला काढायचा, वेल्डिंग पुरे करायचे आणि मग तो परत बसवायचा, असे पुस्तक सांगते. साइटवर संध्याकाळ होत आलेली असते, आठ बोल्ट काढून परत घालायचे असतात, आणि वेल्डर तसाच वेल्ड मारतो. टोके शंभरेक मिलिमीटर लांब केली की उष्णता सीटपर्यंत पोहोचायच्या आत विरते. असे लांब टोकांचे व्हॉल्व्ह मिळतात. एक डिझाइन माणसाच्या शिस्तीवर विसंबते, दुसरे उष्णतेच्या नियमावर. कशावर भरवसा ठेवावा हे सांगायला नको.

हँडल. लिव्हरला पाव वर्तुळाची मोकळी जागा लागते. भिंतीलगतच्या पाइपवर ती नसते, म्हणून लिव्हर कापली जाते किंवा काढूनच ठेवली जाते. त्याहून वाईट म्हणजे स्पिंडलचे टोक चौकोनी असेल तर हँडल चार दिशांनी बसू शकते, आणि चुकीच्या दिशेने बसवले की पाइपला समांतर हँडल म्हणजे ‘बंद’ असा उलटा अर्थ होतो. दोनच सपाट बाजूंचे स्पिंडल ही चूक होऊच देत नाही. गोळ्याच्या भोकाची दिशा स्पिंडलच्या माथ्यावरच खाच पाडून दाखवली तर हँडल नसतानाही खरी स्थिती वाचता येते.

४. झिजणाऱ्या भागापर्यंतची वाट

देखभालीच्या सोयीची एक सरळ कसोटी सुचवतो. वस्तूतला जो भाग बाकी वस्तूच्या आधी झिजणार हे ठाऊक आहे, त्याच्यापर्यंत पोहोचायला काय काय मोडावे लागते? बॉल व्हॉल्व्हमध्ये आधी झिजतात सीट आणि पॅकिंग. पितळ किंवा पोलादाची बॉडी तीस वर्षे टिकेल, सीट टिकणार नाही. मग तीस वर्षांची बॉडी काही रुपयांच्या रिंगेपायी भंगारात जाते.

एका तुकड्याच्या व्हॉल्व्हमध्ये सीटपर्यंत जायला पाइपच मोडावा लागतो. तीन तुकड्यांच्या रचनेत बोल्ट सैल केले, एक वगळून बाकीचे काढले, की त्या एका बोल्टवर मधला तुकडा दारासारखा बाहेर फिरतो. पाइप आपल्या जागी, सीट हातात. ही रचना कागदावर पाहण्यापेक्षा एकदा हाताने करून पाहावी. पाइपला धक्का न लावता आतला गोळा तळहातावर येतो.

प्लॅस्टिकच्या काही चांगल्या युनियन व्हॉल्व्हमध्ये याहून मोहक युक्ती आहे. सीट धरणारी रिंग आट्यांवर बसवलेली असते आणि हँडलच्या माथ्यावर बसवलेला एक तुकडा उपटून उलटा धरला की तीच रिंग फिरवायची चावी बनते. सीट झिजून ठिबकू लागली तर पाव फेरा आवळायचा. वेगळे हत्यार शोधायला नको, कारण ते व्हॉल्व्हबरोबर कायमचे तिथेच आहे. ज्याने हे योजले त्याने दुरुस्ती करणाऱ्या माणसाची जागा, वेळ आणि त्याची अर्धवट भरलेली पिशवी या सगळ्यांचा विचार केला होता.

आणखी एक खर्चीक अडचण आहे ती सुट्या भागांची. फ्लँजच्या व्हॉल्व्हची लांबी एएसएमई बी१६.१० सारख्या मानकाने ठरलेली असते, म्हणून एका कंपनीचा काढून दुसऱ्या कंपनीचा बसतो. आट्यांच्या आणि तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र लांबी कंपनीगणिक बदलते आणि सीटच्या मापाचे तर बोलायलाच नको. कंपनीने मॉडेल बंद केले की दुरुस्त होणारा व्हॉल्व्हही दुरुस्त होईनासा होतो. प्रमाणीकरण अशक्य आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने आयएसओ ५२११ कडे पाहावे. व्हॉल्व्हच्या माथ्यावर तो फिरवणारा ॲक्च्युएटर कसा बसेल याची मापे त्याने ठरवून दिली. एफ०५ म्हणजे बोल्टांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे, एफ०७ म्हणजे ७०. ज्या कामासाठी पूर्वी प्रत्येक वेळी नवी पट्टी कापून भोके पाडावी लागत, ते आता चार बोल्टांचे काम झाले. माथ्यावर जमले ते पोटात का जमू नये?

५. चूक जिवावर बेतते तेव्हा

इथवरचे नुकसान पाण्याचे आणि पैशाचे होते. आता दोन घटना पाहू, दोन्ही अमेरिकेतल्या आणि दोन्हींची चौकशी जाहीर झालेली.

२३ ऑक्टोबर १९८९. टेक्सासमधल्या पासाडेना इथल्या फिलिप्स कंपनीच्या पॉलिएथिलिन कारखान्यात रिॲक्टरखालच्या एका नळीत साचलेला माल काढायचे काम चालू होते. रिॲक्टर आणि उघडी नळी यांच्यामध्ये हवेच्या दाबाने चालणारा एकच बॉल व्हॉल्व्ह होता. तो उघडला गेला. काही सेकंदांत सुमारे ३८ टन ज्वलनशील वायू बाहेर पडला, स्फोट झाला आणि २३ माणसे गेली. चौकशीत दिसले की हवेच्या दोन नळ्या उलट्या जोडलेल्या होत्या. ‘बंद’चा इशारा दिला की व्हॉल्व्ह उघडत होता. असे जोडणे शक्य झाले कारण दोन्ही नळ्यांची टोके हुबेहूब सारखी होती. दुरुस्तीच्या वेळी नळ्या काढूनच ठेवाव्यात असा नियम होता, तो पाळला गेला नव्हता, हे खरे. दुसरा अडथळा, म्हणजे नळी बंद करणारी चकती, तीही नव्हती. पण दोन टोके वेगवेगळ्या मापाची असती तर नियम मोडणाऱ्यालाही त्या उलट्या जोडता आल्या नसत्या.

२२ नोव्हेंबर २०१६. लुइझियानातल्या बॅटन रूज इथला एक्झॉनमोबिलचा तेलशुद्धीकरण कारखाना. हा बॉल व्हॉल्व्ह नव्हता, त्याचा सख्खा भाऊ प्लग व्हॉल्व्ह होता, पाव फेऱ्याचाच. फिरवण्याचा गिअरबॉक्स चालेना, म्हणून कामगाराने तो काढला आणि पाइप पान्याने स्पिंडल फिरवू लागला. जुन्या रचनेत गिअरबॉक्सची पट्टी धरणारे बोल्ट आणि आतला दाब धरणारे झाकण आवळणारे बोल्ट एकच होते. नव्या रचनेत ते वेगळे आहेत आणि त्या युनिटमधले बहुतेक व्हॉल्व्ह नव्या रचनेचे होते. हातांना तीच सवय होती. बोल्ट निघाले, झाकण सुटले, वायूने पेट घेतला आणि चार जण गंभीर भाजले.

दोन्ही ठिकाणी डिझाइनने धोकादायक कृती आणि नेहमीची कृती यांना एकाच रूपात समोर ठेवले होते. टोयोटात काम केलेले जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात ‘पोका-योके’ ही कल्पना पद्धत म्हणून मांडली: चूक करू नका असे सांगत बसण्यापेक्षा ती होऊच शकणार नाही अशी वस्तू बनवा. व्हॉल्व्हच्या धंद्यात या विचाराची काही देखणी उदाहरणे आहेत. स्पिंडल आतून घालायचे आणि त्याला खांदा ठेवायचा, म्हणजे ग्लँडचा नट पुरा काढला तरी दाबाने स्पिंडल बाहेर उडत नाही. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचे मानक एपीआय ६डी तर असे सांगते की फिरवण्याच्या साखळीतला सर्वांत कमजोर भाग दाब धरणाऱ्या कवचाच्या बाहेर असावा, म्हणजे कुणी अती जोर केलाच तर मोडायचे ते बाहेर मोडेल.

आपल्या गावांशी थेट संबंध असलेले उदाहरणही देतो. पाणी शुद्ध करायला सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण सोडतात. हे द्रावण ठेवल्या ठेवल्या विघटते आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोटात थोडे द्रावण कोंडते, वायू साठत जातो, आणि प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह फुटतो. उपाय म्हणजे गोळ्याला येणाऱ्या प्रवाहाच्या बाजूने बारीक छिद्र पाडणे. पण मग व्हॉल्व्हला दिशा येते. उलटा बसवला तर बंद असतानाही तो त्या छिद्रातून गळत राहतो. म्हणून बॉडीवर पुसला न जाणारा बाण हवा, आणि त्याहून बरे म्हणजे दोन टोके अशी वेगळी हवीत की तो उलटा बसणारच नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत सबळ आहे: जितके जोड जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त. तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हला दोन जादा गॅस्केट असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. जमिनीखालच्या गॅसवाहिनीला संपूर्ण वेल्ड केलेल्या बॉडीचा व्हॉल्व्हच योग्य. पण त्या व्हॉल्व्हकडे नीट पाहा. त्याचे स्पिंडल जमिनीवर येईल इतके लांब केलेले असते. सीटला आणि स्पिंडलला बाहेरून सीलंट भरण्याची तोंडे असतात, पोटातले द्रव काढायला ड्रेन असतो. म्हणजे ज्याची बॉडी कधी उघडायची नाही असे ठरवले, त्याच्याही झिजणाऱ्या भागापर्यंत वाट ठेवलेली आहे. उघडता येणे ही माझी अट नाही. वाट असणे ही आहे, आणि ती कशी असावी हे जागेवरून ठरावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा: अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त. मान्य. त्या मापात सीट बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्र नवा बसवायला जुना निघाला पाहिजे. चिकटवलेला सीपीव्हीसी व्हॉल्व्ह कापून काढला की दोन्ही बाजूंचा थोडा थोडा पाइप जातो. एकदा चालते. दुसऱ्या वेळी एल्बोजवळ सॉकेट चढवायलाही सरळ पाइप उरत नाही आणि मग टाइल फोडावी लागते. व्हॉल्व्ह स्वस्त, टाइल, गवंडी आणि चार दिवस महाग. तिथे देखभालीची सोय म्हणजे शेजारी एक युनियन, बस.

तिसरा आक्षेप शिक्षणाचा. माणसे तयार करा, वस्तू आपोआप नीट बसतील. प्रशिक्षण हवेच, आणि ग्रामीण नळपाण्याच्या जलजीवन मिशनमध्ये ‘नल जल मित्र’ तयार करण्याचा उपक्रम स्वागतार्ह आहे. पण प्रशिक्षित माणूसही रात्री, ओल्या हातांनी, पायाखाली चिखल असताना काम करतो. शिवाय शिकलेला माणूस गाव सोडून शहरात जातो आणि वस्तू गावातच राहते. शहाणपण वस्तूत घातले तर ते तिथेच टिकते.

चौथा: लोक व्हॉल्व्ह फिरवतच नाहीत, मग अडकणारच. वर्षातून दोनदा फिरवावा, हा सल्ला योग्य आहे आणि तो पाळला जाणार नाही हेही नक्की. पडून राहणे हीच या व्हॉल्व्हची नेहमीची अवस्था आहे, तेव्हा डिझाइन त्या अवस्थेसाठी हवे. गोळ्याभोवतीची पोकळी भरून काढणाऱ्या सीट वापरल्या तर क्षार साचायला जागाच कमी उरते. कंपन्या हँडल फिरवायला लागणारा जोर सांगतात तो नव्या व्हॉल्व्हचा. बोअरच्या कठीण पाण्यात दोन वर्षे न हलवलेल्या व्हॉल्व्हचा आकडा मला हवा आहे.

चोरीचा आक्षेप पटकन निकालात काढता येतो. सार्वजनिक नळयोजनेत पितळी हँडल जाते, म्हणून ते काढता येण्याजोगे असावे, स्पिंडलचे टोक ठरलेल्या मापाचे असावे आणि कुलपाला भोक असावे. हेच भोक कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी व्हॉल्व्ह बंद अवस्थेत कुलूपबंद करायलाही कामी येते.

७. बदल कुठून सुरू होईल

जामनगर, राजकोट, कोइम्बतूर किंवा कोल्हापूरच्या कारखानदाराला हे सगळे ठाऊक आहे. निर्यातीच्या मालात तो ते करतोही. देशी बाजारात करत नाही कारण खरेदीदार दोनच गोष्टी विचारतो, दाबाचा वर्ग आणि दर. निविदेत सर्वांत कमी दर जिंकतो आणि रुंद षट्कोनाचे काही ग्रॅम पितळ त्या दरात हरते. बिल्डर व्हॉल्व्ह विकत घेतो आणि सोसायटी तो वापरते, ठेकेदार घेतो आणि ग्रामपंचायत वापरते. घेणारा आणि भोगणारा वेगळा असला की देखभालीची सोय कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे ध्येय ग्रामीण भागात प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे आहे. योजना उभी करणारा ठेकेदार निघून जातो आणि पुढची सांभाळणी ग्रामपंचायत आणि तिच्या पाणीपुरवठा समितीकडे येते. तिथल्या व्हॉल्व्हमनच्या हाती एक पाइप पाना आणि टेफ्लॉनची रीळ असते. जवळचे दुकान तालुक्याला. या माणसाला काय झेपेल, यावरून व्हॉल्व्ह निवडला पाहिजे.

म्हणून माझी मागणी मोजता येईल अशी आहे. दाबचाचणीच्या जोडीला दुरुस्तीचीही चाचणी घ्यावी. नमुन्याचा व्हॉल्व्ह भिंतीपासून ठरावीक अंतरावर, खऱ्या डक्टइतक्या अरुंद जागेत बसवावा. ते मॉडेल पूर्वी न हाताळलेल्या फिटरला नेहमीची हत्यारे द्यावीत. त्याने पाइप न कापता पॅकिंग आवळून दाखवावे, आणि एक इंचावरच्या मापात सीट बदलून किंवा अख्खा व्हॉल्व्ह काढून परत बसवून दाखवावा. लागलेला वेळ नोंदवावा आणि मग त्याच व्हॉल्व्हवर पुन्हा दाब देऊन गळती पाहावी. सुटे भाग उलटे बसवून पाहण्याचा मुद्दाम प्रयत्न करावा, बसले तर तो व्हॉल्व्ह नापास. सीटचा संच किती वर्षे मिळेल हे लेखी घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोच्या समितीला यासाठी वेळ लागेल. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि महापालिकांना मात्र पुढच्याच निविदेत या अटी घालता येतील, आणि नव्या इमारतीचा ताबा घेणाऱ्या सोसायटीला तर त्याहून आधी: गच्चीवरचा प्रत्येक व्हॉल्व्ह बिल्डरच्या माणसाकडून समोर उतरवून, परत बसवून घ्यावा आणि मगच कागदावर सही करावी.